इंजिनाचं सवणं

तेर,
२० ऑगस्ट २०२४

दैवशालावन्सं यांना शिवकांताचा नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. आपल्या अंगणात फोनवर बोललं की आत्याबाईंना अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं त्या स्वतः जुळवतात. शिवाय मला जे विचारायचं आहे ते एकदा ऐकून समजणारं नाही. कागदावर असलं तर पुन्हा पुन्हा वाचता येईल.

यंदा पंचमीला तुम्ही आला नाहीत. भावजींनी लिंबाला झोका बांधला होता, तो दिवसभर तसाच लोंबत राहिला. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. लिहायचं आहे ते गाडीबद्दल.

तुमचे अण्णा, म्हणजे आमचे हे, गेले तेव्हा शिवप्पा भावजींनी ठरवलं की वर्ष होईपर्यंत त्यांची प्रवासी वाहायची जीप जागची हलवायची नाही. मी मान्य केलं, कारण तेव्हा मलाच जागचं हलता येत नव्हतं. जीप पत्र्याच्या शेडात सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी राहिली. त्या वर्षात मी लायसन्स काढलं आणि गाडीचे कागद माझ्या नावावर करून घेतले. ही पंचमी झाली आणि कळंबहून रणधीर मिस्त्रीला बोलावलं. त्याने बॅटरी घातली, ऑइल बदललं, किल्ली फिरवली. गाडी अर्ध्या फिरकीत सुरू झाली. तो आवाज ऐकून मी घरात जाऊन चुलीपुढं बसले. मग उठले आणि गाडीत जाऊन बसले.

ढोकीपर्यंत दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेला जळकट वास सुटला. बॉनेट उघडलं तर ऑइल मोजायची पट्टी आपल्या जागेतून वर उडून लोंबत होती आणि सगळं इंजिन ऑइलनं माखलं होतं. खाली गिअरबॉक्सच्या बाजूनंही ठिबकत होतं. ऑइल भरायचं झाकण काढलं की आतून धूर फसफसून वर येई. रणधीरनं पाहिलं आणि म्हणाला, "वैनी, इंजिन बॅक मारतंय. रिंगा गेल्या. खोलावं लागंल, न्हायतर इकून मोकळं व्हा."

भावजी शेजारीच उभे होते. संध्याकाळच्या आत त्यांनी कळंबचा एक घेणारा ठरवला. दसऱ्याच्या आधी त्याने गाडी न्यायची, म्हणजे पूजा त्याच्या दारात होईल. आत्याबाई म्हणाल्या, "जिनं माझं लेकरू नेलं ती दारात नको." मी म्हटलं, "आत्याबाई, गाडीनं न्हाय नेलं. गाडीत बसलेले बाकी समदे आपल्या पायानं घरी गेले." त्यावर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला तेवढी शांतता हवीच होती.

त्या दोन दिवसांत माळवदावरच्या खोलीतलं तुमचं आयटीआयचं पुस्तक काढून वाचलं. सुरुवातीच्या यादीत 'क्रँककेस व्हेंटिलेशन' असं एक प्रकरण आहे आणि नेमकी तीच पानं वाळवीनं खाल्ली आहेत. व्हेंटिलेशन म्हणजे हवेला वाट ठेवणं, एवढं मला कळतं. इंजिनात कुठली हवा, तिला वाट कशासाठी, आणि पट्टी वर का उडते, हे कळत नाही. तुम्ही हे रोज शिकवता. मलाही शिकवा. दसऱ्याला वेळ आहे आणि मला गाडी विकायची नाही.

तुमची,
शिवकांता


लातूर,
२९ ऑगस्ट २०२४

वहिनी, नमस्कार.

पत्र मिळालं. पोरांच्या परीक्षा चालू आहेत, म्हणून उत्तराला उशीर.

सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं आणि त्याच्या दाबानं पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये फट ठेवावीच लागते. ती फट रिंगा झाकतात. पण इंजिन अगदी नवं असलं तरी थोडा जळका वायू रिंगांच्या कडेनं निसटून खाली उतरतो. खाली क्रँककेस असते, म्हणजे ज्या पेटीत क्रँक फिरतो आणि जिच्या तळाला ऑइल साठतं ती. रिंगा झिजल्या की निसटणारा वायू वाढतो, पेटीत दाब धरतो, आणि तो दाब मग पट्टी उडवतो, सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. मिस्त्री लोक त्यालाच बॅक मारणं म्हणतात. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या रिंगा खाचेत चिकटूनही बसतात. रणधीरचं बरोबर आहे.

गाडी जाऊ द्या, वहिनी. आमच्या आप्पाशी, सख्ख्या दिराशी भांडून घरात राहणं सोपं नाही. आमच्या शेजारच्या मुलींच्या वसतिगृहाला स्वयंपाकघर सांभाळणारी बाई हवी आहे. राहायला खोली देतात. मी बोलून ठेवते. इथं आलात तर मलाही सोबत होईल.

पंचमीला का आले नाही ते तुम्हाला माहीत आहे.

दैवशाला


तेर,
६ सप्टेंबर २०२४

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. समजलं, म्हणूनच पुढचं विचारते.

तुम्ही लिहिलंत की नव्या इंजिनातसुद्धा थोडा वायू खाली उतरतो. मग नव्या इंजिनाची पट्टी का उडत नाही? तो वायू कुठून तरी बाहेर पडत असला पाहिजे. कुठून, ते तुम्ही लिहिलं नाहीत. वर्गात पोरांना शिकवताना तुम्ही असं अर्ध्यावर सोडत नसाल.

आपल्या स्वयंपाकघराच्या माळवदाला धूर जायला सवणं ठेवलेलं आहे. चूल कितीही पेटवा, धूर त्यातून निघून जातो. पाऊस आला की भावजी त्या सवण्यावर पत्रा टाकतात आणि काढायचं विसरतात. मग तीच चूल, तोच धूर, आणि आपण डोळे पुसत दारात उभ्या. तेव्हा चूल गेली, नवी घाला, असं कुणी म्हणत नाही. वर चढून पत्रा काढतात.

पुस्तकाची जी पानं वाळवीनं सोडली त्यात झिजलेल्या रिंगांची लक्षणं दिली आहेत. गाडी लवकर सुरू होत नाही, चढाला दम तोडते, सायलेन्सरमधून निळा धूर सोडते. आपली गाडी अर्ध्या फिरकीत सुरू होते. धुराला निळा रंग नाही. चढाचं पाहायचं राहिलं होतं, म्हणून ऑइल पुरेसं भरून घेतलं आणि एकटी येडशीच्या घाटात गेले. तिसऱ्या गिअरवर चढली. वर जाऊन थांबले, खालच्या झाडीकडे पाहिलं, पट्टी पुन्हा खोचली आणि परत आले. ऑइल सांडलं, पण गाडीनं दम तोडला नाही.

पोळ्याच्या दिवशी भावजी बैलांच्या शिंगांना रंग देत होते. मान वर न करता म्हणाले, "वैनी, बाईमाणसानं स्टँडवर उभं राहून शिटा भरायच्या व्हय? लोकं काय म्हणतील?"

मी म्हटलं, "लोकं इचारतील, शीट मिळंल का."

"आन् मिळाली तर?"

"तर बसतील. ऊन काय थोडं असतंय?"

ते हसले, वन्सं. मग आपण हसलो हे ध्यानात आल्यावर जोरात ब्रश मारायला लागले आणि बैलाच्या कानाला रंग लागला. भावजी वाईट नाहीत. पण वाईट नसलेला माणूसही गाडी विकू शकतो.

वसतिगृहाबद्दल आभार. भाकरी थापायला मी कधी नाही म्हटलेलं नाही. पण शेताच्या पाणंदीवर स्टेअरिंग धरायला ह्यांनी मला शिकवलं तेव्हा गावातला एक माणूस मुद्दाम सायकलवरून उतरून बघत उभा राहिला होता. हे त्याला म्हणाले, "बघा, बघा, उद्यापास्नं तिकीट लागंल." ते शिकवणं मी पोळपाटाखाली ठेवणार नाही.

इंजिनाचं सवणं कुठं असतं, ते लिहा.

शिवकांता


लातूर,
१४ सप्टेंबर २०२४

वहिनी,

अर्ध्यावर सोडलं हे खरं आहे. आता पुरं लिहिते.

इंजिनाला सवणं असतं. त्याला ब्रीदर म्हणतात. इंजिनाच्या अगदी वर जे झाकण असतं ते टॅपेट कव्हर. त्यातून एक रबरी नळी निघते. खालच्या पेटीतला वायू इंजिनाच्या आतल्या पोकळ वाटांनी वर चढतो आणि या नळीतून बाहेर पडतो. येताना तो ऑइलचे बारीक थेंबही उडवत आणतो. म्हणून नळीच्या तोंडाशी आतून आडवे पत्रे किंवा जाळी बसवलेली असते. त्यावर आपटून थेंब खाली ओघळतात, ऑइल परत तळाला जातं आणि वायू पुढं जातो.

फार जुन्या गाड्यांत ही नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असायची. तो विषारी धूर लोकांच्या नाकातोंडात जायचा. पुढं ती एअर फिल्टरनंतरच्या नळीला जोडू लागले. इंजिन हवा ओढतं त्याच ओढीनं हा वायूही पुन्हा सिलिंडरमध्ये जातो आणि जळून जातो. पेट्रोलच्या गाडीत ओढ फार जोराची असते, त्यामुळं मध्ये एक झडप घालतात. इंजिन नुसतं उभ्या जागी फिरत असलं की ती थोडीशीच वाट देते, गाडी वेगात असली की जास्त. तुमच्या डिझेल जीपला तशी झडप नाही. साधी नळी आहे.

या वायूत पाण्याची वाफही असते. वाट बंद झाली तर तिचं आतच पाणी होतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल भरायचं झाकण काढून उलटं करून बघा. आतून पांढरट पिवळी साय धरली असेल तर वाफ कोंडली आहे.

आता परीक्षा. टॅपेट कव्हरवरचं नळीचं टोक सोडवा आणि गाडी चालू करा. पट्टी जागेवर राहिली तर नळी तुंबलेली आहे. तरीही उडाली तर रिंगा गेल्या आहेत, आणि मग हट्ट सोडा. नळी तुंबलेली निघाली तर एअर फिल्टरपाशी ती जिथं शिरते तिथपर्यंत साफ करा. हात घालाल तेव्हा इंजिन गार असू द्या, पदर नीट खोचा, आणि चालू इंजिनाच्या पंख्यापासून लांब राहा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. माझं मत बदललेलं नाही. त्या गाडीत आपल्यापैकी कुणी बसू नये.

दैवशाला


तेर,
२१ सप्टेंबर २०२४

वन्सं,

आज जास्त लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

झाकण उलटं केलं. आतून साय होती, बोटानं निघाली. वरचं टोक सोडवून गाडी चालू केली. सुटलेल्या टोकातून धूर निघत राहिला आणि पट्टी जागची हलली नाही. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणं एअर फिल्टरपाशी नळी शोधायला गेले, तर तिथं नळीच नाही. जिथं ती शिरायला हवी तिथं रबराचं टोपण बसवलेलं. मला वाटलं, एक तर तुम्ही दुसऱ्याच गाडीचं लिहिलंत किंवा मी दुसरंच काही बघते आहे. रणधीरला फोन केला.

"व्हय वैनी," तो म्हणाला, "तुमच्या मालकांनीच, महारुद्रभाऊंनीच काढाय लावली व्हती. फिल्टर तेलकट होतोय म्हणले. म्या नळी खाली सोडून दिली, जुन्या गाड्यावानी."

"मग खालचं तोंड बघितलंस का?"

"ते कोण बघतंय, वैनी."

मी बघितलं. गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. वरच्या झाकणापाशी नळीवर हात ठेवला आणि मग तो सुटू दिला नाही. इंजिनाच्या मागून, गिअरबॉक्सच्या कडेनं, खाली. टोकाशी बोटाला खडबडीत लागलं. रस्त्याचा चिखल असेल म्हणून खुरप्यानं खरवडला, तर तो चिखल नव्हता. शेण आणि माती मळून हातानं लिंपलेलं होतं, आणि लिंपणाखाली सुतळीचे वेढे आवळलेले. ज्वारी भरल्यावर आपल्या घरात कणगीचं तोंड दर साली असंच बंद होतं. आणि सुतळीला तशी गाठ एकच माणूस मारतो.

सुतळी कापली. आत कापडाचा बोळा होता, तो ओढला. ऑइलनं काळा झालेला, निघता निघेना. उजेडात पसरला तर शर्टाची बाही निघाली. मनगटाचं बटण पांढरं आणि ते निळ्या दोऱ्यानं शिवलेलं. ज्या दिवशी ते बटण लावलं त्या दिवशी घरातला पांढरा दोरा संपला होता. हे म्हणाले होते, कोण बघतंय.

त्यांचे कपडे वाटायला काढले तेव्हा हा एक शर्ट सापडला नव्हता. मी गोणपाटावर तशीच पडून राहिले. किती वेळ ते लिहीत नाही.

मग वरचं टोक बसवलं आणि गाडी चालू केली. नळीच्या खालच्या तोंडातून धूर हलके हलके येऊ लागला, थंडीत बैलाच्या नाकपुडीतून येतो तसा. ढोकीला जाऊन आले. पट्टी जागच्या जागी. इंजिनाला दुखणं नव्हतंच, वन्सं. त्याचं तोंड बांधलेलं होतं.

भावजी शेतातून आले तेव्हा बाही त्यांच्यापुढं ठेवली.

"उंदरं शिरत्यात म्हणून," ते म्हणाले. "शेजारी सोयाबीन व्हतं. तीन भोकं दिसली, तिन्ही बुजवली. सायलेन्सरचा बोळा काढला, हवा वढती त्या नळीचा काढला. हे तिसरं ध्यानातनंच गेलं."

"शर्ट कशाला, भावजी?"

"भावाची गाडी. दुसरं फडकं घालावं वाटंना."

एवढं बोलून ते गोठ्यात गेले आणि जेवायला हाक मारेपर्यंत आले नाहीत. आत्याबाईंनी बाही उचलली, बटणावरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, "एकाचा शर्ट, दुसऱ्याचा बोळा. दोघांनी मिळून तिचा जीव कोंडला." मग माझ्याकडं बघून, "आन् तू काढलास व्हय?"

"व्हय."

बाही आपल्या उशाशी घेऊन गेल्या. तेलकट होईल म्हटलं, तर म्हणाल्या, "होऊंदी."

मला वाटलं, इथं सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी म्हणतात, "वैनी, बरं झालं. इंजिन चांगलं निघालं म्हंजी आता घेणारा खळखळ करणार न्हाय."

मी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. "बिघडली म्हणून इकायची, बरी झाली म्हणून बी इकायची. मग बिघडलं काय व्हतं, भावजी?"

ते म्हणाले, "मी एकलाच म्हणत न्हाय. दैवशाला बी म्हणती. पंचमीलाच फोन आला व्हता तिचा, गाडी काढून टाक म्हणून."

पंचमी झाली ९ ऑगस्टला. तेव्हा गाडी शेडात होती, बॅटरीसुद्धा नव्हती तिच्यात. मग तुम्हाला लातुरात बसून रिंगा गेलेल्या कशा कळल्या, वन्सं?

रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन दिवस रागातच होते. मग राग जरा खाली बसल्यावर दुसरं दिसलं. मागच्या पंचमीला तुम्ही माहेराला येत होता. हे तुम्हाला ढोकीला घ्यायला गेले होते. मी इकडं दिंड उकडायला ठेवले होते आणि वाफ जाऊ नये म्हणून झाकणावर पाटा ठेवला होता. त्यांच्या शेजारी, पुढच्या सीटवर, तुम्ही होता. त्यांचं शेवटचं जे काही आहे ते तुमच्याजवळ आहे. माझ्याजवळ नाही. वर्षभर तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता विचारते. लिहून कळवा.

आणि गाडी विकायची नाही. ती माझी आहे. हे भावाला सांगा आणि जमलं तर स्वतःलाही सांगा.

शिवकांता


लातूर,
२९ सप्टेंबर २०२४

वहिनी,

येडशीच्या घाटात तिसऱ्यावर चढली हे वाचलं तेव्हाच मला कळलं की रिंगा चांगल्या आहेत. मला गाडी जायला हवी होती. कारण कुठलंही चाललं असतं.

तुम्ही विचारलंत ते लिहिते. ढोकी सोडल्यावर अण्णा गप्प होता. मी आमच्या वर्कशॉपमधली काहीतरी गंमत सांगत होते आणि तो हसत नाही म्हणून पुन्हा सांगत होते. ओढ्याच्या अलीकडं त्यानं गाडी कडेला घेतली. घाई केली नाही. न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. मागं वळून, मागच्या सीटवरच्या तेरच्या एका मावशीला म्हणाला, "रस्त्याकडचा दरवाजा उघडू नका." मला वाटलं, टायर बसला असेल. मग मला म्हणाला, "दैवा, इंजिन बंद कर. डिझेल जळतंय."

मी हात लांबवून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. आवाज गेल्यावर एकदम सगळं शांत झालं, आणि मी वळून पाहिलं तर अण्णाची मान स्टेअरिंगवर होती.

वर्कशॉपमध्ये मी दिवसातून कितीदा तरी इंजिन बंद करते. प्रत्येक वेळी तीच शांतता येते. पोरांना सांगते, तुम्ही बंद करा. त्यांना वाटतं, मॅडम आम्हाला शिकवतात.

म्हणून ती गाडी मला कुठंच नको होती. आप्पाच्या शेडात नको, तुमच्या हातात नको. तुम्हाला फसवायचं नव्हतं, पण फसवलंच. यावर आणखी काही लिहिता येत नाही.

जे येतं ते लिहिते. मागच्या सीलनं बराच दाब सोसला आहे. ठिबकणं थांबलं नाही तर ते बदलावं लागेल. ऑइलमध्ये पाणी गेलं आहे, पुन्हा नवं घाला. आणि नळी खाली सोडलेली ठेवायची नाही. मी नवी नळी आणते आणि फिल्टरच्या बाजूला पुन्हा जोडून देते. फिल्टर तेलकट झाला तर पुसायचा. आपला धूर दुसऱ्यांच्या तोंडावर सोडायचा नाही. अण्णा नळी काढायचं म्हणत होता तेव्हाच मी त्याला हे सांगितलं होतं, त्यानं ती खरंच काढली असेल असं वाटलं नव्हतं. तो म्हणाला होता, तुमच्या पुस्तकातल्या गाड्या तेरच्या रस्त्यावर चालवून बघा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ढोकीला उतरते. तिथून रिक्षा करून येईन.

दैवशाला


तेर,
५ ऑक्टोबर २०२४

वन्सं,

तुमचं पत्र एकदाच वाचलं. पुन्हा वाचायची गरज पडली नाही. मागच्या मावशीच्या दरवाजाची काळजी करून गेले, हे मला आता माहीत आहे. वर्षभर माझ्या डोळ्यांपुढं नुसता रस्ता होता. आता त्यात ते आहेत.

काल कळंबचा घेणारा आला. भावजींनी त्याला नको असं कळवलं नव्हतं आणि ये असंही म्हटलं नव्हतं. मी स्टेअरिंगवर बसून होते. आत्याबाई मधल्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन. मी त्यांना बसा म्हटलं नव्हतं.

तो म्हणाला, "आज्जी, उतरा की. गाडी बघायचीय."

"बघ की. म्या डोळे झाकलेत का तुझे?"

"चालवून बघायचीय."

"म्या बाजाराला चाललेय. ही चालवंल, तू मागनं बघ."

तो भावजींकडं वळला. भावजी पुढं आले. मला वाटलं, आता किल्ली मागतात. त्यांनी मागचा दरवाजा धरून जोरात लावला, लागला नाही म्हणून पुन्हा लावला. तो दोनदाच लावावा लागतो हे घरात तिघांनाच माहीत होतं. मग त्या माणसाला म्हणाले, "चला, च्या घेऊ."

बाजारात आत्याबाईंनी काहीच घेतलं नाही. येताना आठ बाया बसल्या. आत्याबाई प्रत्येकीला सांगत होत्या, "बोळा व्हता. सुनंनं काढला." कसला बोळा हे कुणी विचारलं की म्हणायच्या, "तुला न्हाय कळायचं."

दसऱ्याला गाडीची पूजा कोण करणार, असं भावजींनी काल विचारलं. मी म्हटलं, "जी चालवती ती." ते म्हणाले, "वैनी, हळदीकुंकू..." आणि थांबले. मी म्हटलं, "गाडीला माझ्या कपाळाशी काय करायचंय? तिला ऑइल कोण बघतंय ते कळतं." नारळ ते आणणार आहेत. फोडणार मी.

आता तुमचं. रिक्षा करू नका. मी ढोकीला येते. पुढच्या सीटवर मी अजून कुणाला बसवलेलं नाही. लोकांना वाटतं, अपशकुन म्हणून. तसं नाही. तुम्ही आधी बसायचं आहे.

स्टँडच्या बाहेर, चिंचेखाली उभी राहीन. तुम्हाला लगेच बसवणार नाही. हवं तर आधी बॉनेट उघडून बघा, हवं तर नुसत्या उभ्या राहा, हवं तर रडा. मी आत बसून राहीन आणि इंजिन चालूच ठेवीन. तुम्ही दरवाजा लावून बसेपर्यंत बंद करणार नाही. घरी पोचल्यावर किल्ली मी फिरवीन.

डिझेल जळालं तर जळू द्या.

शिवकांता